जाऊ दे की जेवू दे

माझ्या धाकट्या भावाला दुःखाची आवड अगदी लहानपणापासूनची. इतर मुलं पडली की रडायची. हा आधी रडून घ्यायचा आणि मग कुठे पडता येईल ते शोधायचा. आता तिशी उलटली, तरी बारा महिने काळे कपडे, डोळ्यांत काजळ आणि एका डोळ्यावर केसांची झापड. उरलेल्या एका डोळ्याने त्याला जगाचा जेवढा क्रूरपणा दिसतो, तेवढा मला दोन्ही डोळ्यांनी कधी दिसला नाही.

आपल्यासारखेच आणखी दोन दुःखी जीव गाठून त्याने बँड काढला. नाव 'ओलं काजळ'. हे जे वाजवतात त्याला ईमो रॉक म्हणतात. म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, मनातली वेदना काही न लपवता मांडणं. मी म्हटलं, ते तर तू शाळेच्या पहिल्या प्रगतिपुस्तकापासून करतोयस, तेव्हा त्याला काही नाव नव्हतं. यावर तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. म्हणजे लावायचा प्रयत्न केला. आमच्या घरातलं ते दार उचलून, खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही, आणि रागाच्या भरात तेवढा धीर कुणाला असतो?

या दाराचं पुढे गाणं झालं, म्हणून सांगितलं.

अल्बमचं नाव 'आत कुणी नाही'. नऊ गाणी. एकाचं नाव 'तू मेसेज पाहिलास आणि झोपलीस'. दुसऱ्याचं 'माझ्या सावलीलाही माझा कंटाळा आलाय, भाग दोन'. भाग एक कुठे आहे, विचारलं, तर म्हणाला, तो मी जगलोय. आणि पाचवं गाणं बाबावर. 'बाबा, मी दाराशी उभा आहे'. त्यात शेवटी हा पुन्हा पुन्हा किंचाळतो, "दार उघड, बाबा, मला जाऊ दे."

आता बाबाबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. त्यानंतर आम्हा दोघांना बाबानेच वाढवलं, आणि हे वाढवणं अक्षरशः होतं, पळीने. एका मोठ्या विमा कंपनीच्या इमारतीत, तळमजल्याच्या मागच्या बाजूला, बाबाचं कॅन्टीन आहे. होतं. मी तिथे काउंटरवर असते, म्हणजे असायची. बाबा आत चुलीशी, डोक्याला जाळी, कमरेला एप्रन. पण त्याची नजर कायम परत येणाऱ्या ताटांवर. ताटात भात उरलेला दिसला की हा हात पुसत बाहेर यायचा आणि त्या माणसाला विचारायचा, मीठ जास्त झालं का, की तब्येत बरी नाही? 'संपलं' हा शब्द त्याने कुणाला ऐकवला नाही. भांडं रिकामं झालं, तर अंडी फोडायचा, बटाटे परतायचा, पण आलेला माणूस जेवूनच जायचा.

आणि हा बाबा म्हणे माझ्या भावाला जाऊ देत नव्हता. अरे, कुठे? बाबा तर कित्येक वर्षं त्याच्या मागे लागला होता, स्वतंत्र जागा बघ, तुझं तुझं काहीतरी कर. एकदा तर त्याने स्वतः हिंडून एक खोली बघून ठेवली. धाकट्याने ती पाहिली आणि खिडकी उत्तरेला आहे, एवढ्यावर नाकारली.

यातली गंमत म्हणजे हा अल्बम रेकॉर्ड कुठे झाला, तर बाबाच्याच कॅन्टीनमध्ये. सुट्टीच्या दिवशी तिथे शुकशुकाट असतो आणि फरशांमुळे आवाज घुमतो. किल्ली बाबानेच दिली. वर, पोरं दिवसभर घसा फोडतायत म्हणून स्वतः येऊन तिघांसाठी स्वयंपाकही करायचा. पाचव्या गाण्यात मध्येच सगळं शांत होतं आणि लांबून खण्ण असा आवाज येतो. ते बाबाने सूपच्या पातेल्यावर टाकलेलं झाकण आहे. ऐकणाऱ्यांना ती साखळदंडाची कडी वाटली.

ऐकणाऱ्यांचं आता सांगतेच. माझा भाऊ गाताना दात आवळतो. दात उघडे ठेवून गायलं तर वेदना सुटी होते, असं काहीतरी त्याचं म्हणणं आहे. परिणाम असा झाला, की 'जाऊ'मधल्या 'आ'ला बाहेर पडायला जागाच मिळाली नाही आणि त्याचा 'ए' झाला. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर टाकला, आणि बघता बघता लोकांच्या फोनमधून माझा भाऊ ओरडू लागला, "दार उघड, बाबा, मला जेवू दे."

मग मतांचा जो पूर आला, तो मी जेवणाच्या सुट्टीनंतर भांडी निथळत ठेवून वाचत बसायची. एक जण म्हणाला, हे ऐकून मी माझ्या वडिलांचे फोन उचलणं बंद केलं. एकीने लिहिलं, दोनदा ऐकलं, दोनदा रडले, तिसऱ्यांदा उठून काहीतरी खाल्लं. एका जाणकाराचं मत पडलं, की यांचा पहिला अल्बम जास्त प्रामाणिक होता. हाच पहिला आहे, असं कुणीतरी कळवलं, तर म्हणाला, तेच म्हणतोय मी. आणि एक समीक्षक, ज्याच्या प्रत्येक वाक्यात 'अस्तित्व' हा शब्द येतो, त्याने पानभर लिहिलं, की इथे भूक ही पोटाची नसून पित्याच्या मान्यतेची आहे. त्याच्यावर लोक तुटून पडले. पोटाचीच आहे, म्हणाले. स्वयंपाकघराला कुलूप लावणारा बाप तुम्ही पाहिला नसेल, म्हणून तुम्हाला प्रतीकं सुचतात. मग कुलूप कुठल्या प्रकारचं असेल, यावर दोन दिवस चर्चा चालली.

धाकटा आधी खूप चिडला. लोकांनी माझ्या स्वातंत्र्याचा नाश्ता करून टाकला, म्हणाला. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना, चार शब्द लिहायला काय लागतं. तो लिहायला बसला. पण तोपर्यंत त्यांना एका मोठ्या हॉलचं आमंत्रण आलं होतं आणि सगळी तिकिटं खपली होती. मीही गेले. लोक चमचे घेऊन आले होते. पाचवं गाणं सुरू झालं तसे अंधारात शेकडो चमचे वर झाले. माझ्या भावाने ते बघितले, एक क्षण थांबला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दात नीट उघडून, स्वच्छ, शब्दन् शब्द कळेल असा गायला, "मला जेवू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आजूबाजूला सगळे रडत होते, आणि रडणाऱ्या माणसांना धक्का देऊन बाहेर पडणं बरं दिसत नाही.

घरी आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. त्याने शांतपणे सांगितलं, की ताई, कलाकृती एकदा बाहेर गेली की ती ऐकणाऱ्याची होते. मी म्हटलं, आणि बाप? तो कुणाचा होतो? यावर तो पुन्हा खोलीत गेला. हल्ली त्याच्या खोलीत डब्यांची रांग असायची, कारण चाहते घरी जेवण आणून देत होते. एक मुलगी दारात बाबाच्याच हातात डबा देऊन म्हणाली, काका, हे त्याच्यापर्यंत नक्की पोचेल ना? बाबाला वाटलं, मुलाचं कुठेतरी जुळतंय. त्याने तो डबा कौतुकाने आत नेला, चव घेतली आणि मीठ कमी आहे, एवढंच म्हणाला.

बाबाने गाणं ऐकलंच नव्हतं. त्याच्या फोनवर फक्त फोन येतात. अल्बम निघाला तेव्हा तो म्हणाला होता, निवांत ऐकतो, आणि निवांतपणा त्याला कधी मिळाला नाही. पोरगं गाजतंय, एवढं त्याला कळलं होतं, आणि तेवढ्यावर तो खूश होता. काउंटरवर येणाऱ्याला सांगायचा, आमच्या धाकट्याचं ऐकलंत का? बाबावरपण एक आहे म्हणे त्यात.

त्यांनी ऐकलेलं होतं. विमा कंपनीतली तरुण मंडळी कानांत बोंडं घालूनच काम करतात. हळूहळू बाबाकडे बघायच्या नजरा बदलल्या. पुन्हा वाढून घ्यायला येणारे येईनासे झाले. ताट घेताना कुणी बाबाच्या हाताकडे असं बघायचं, जणू त्यात किल्ली आहे. मग एक दिवस कॅन्टीन समितीने कळवलं, की पुढच्या वर्षी तुम्हालाच ठेवायचं की नाही, यावर विचार करायचा आहे. बाबाला कारण कळेना. त्याने रात्री बसून मसाल्यांचे सगळे डबे हुंगून बघितले, काही खराब झालंय का म्हणून.

समितीचा प्रमुख म्हणजे दावे खात्यातला एक चष्मेवाला. लोकांची घरं जळतात, गाड्या आपटतात, आणि ते खरं की खोटं हे हा ठरवतो. दिवसभर दुसऱ्याच्या नुकसानीवर अविश्वास दाखवण्याचा त्याला पगार मिळतो. पण माझ्या भावाचं नुकसान त्याने एका दमात मान्य केलं होतं. त्याच्या टेबलावर कार्यक्रमातला तो चमचा उभा करून ठेवलेला मी स्वतः बघितला.

बैठकीच्या दिवशी मी धाकट्याला अक्षरशः दंडाला धरून नेलं. काजळ पुसून ये, म्हटलं होतं. त्याने पुसलं, त्यामुळे तो आणखीच उपाशी दिसायला लागला. बैठक कॅन्टीनमध्येच होती, जेवणं उरकल्यावर, पुसलेल्या ओल्या टेबलांभोवती. चष्मेवाला, आणि कर्मचारी खात्यातल्या एक बाई. बाईंनी आधीच सांगून टाकलं, की तुमच्या स्वयंपाकाबद्दल तक्रार नाही, पण एकूण वातावरण. बाबा म्हणाला, वातावरणाला काय झालं, पंखे वाढवू का?

मी धाकट्याला कोपराने ढोसलं. तो उठला. ज्याच्या किंचाळण्याने हॉल थरारतो, त्याचा आवाज तिथे समोरच्या माणसापर्यंत पोचेना. पण बोलला, एवढं त्याचं मानायला हवं. ते 'जेवू दे' नाही, 'जाऊ दे' आहे, म्हणाला. मला बाबाने कधी उपाशी ठेवलं नाही.

चष्मेवाल्याने मान हलवली. फार समजूतदारपणे हलवली. आमच्याकडे एक पद्धत आहे, तो म्हणाला. घटनेच्या वेळी माणूस जे बोलतो ते धरायचं. नंतर घरच्यांसमोर जे बोलतो ते धरायचं नाही.

"पण गाणं मी लिहिलंय," धाकटा म्हणाला.

"बरं. मग सांगा, कुठे जायचं होतं तुम्हाला?"

माझ्या भावाने नऊ गाणी लिहिली, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काय सांगणार? उत्तरेच्या खिडकीची ती एक खोली सोडली, तर त्याला कुठे जायचंय असं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तिथेही तो गेला नाही. कर्मचारी खात्यातल्या बाईंनी डोळे टिपले. बिचारा अजून घाबरतो, असं त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

बाबा इतका वेळ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. आता त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, मला ऐकवा तरी.

चष्मेवाल्याने फोन दिला. बाबाने तो कानाला लावला, फोन आल्यावर लावतो तसा, आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. आम्हाला फक्त बारीक चिरचिर ऐकू येत होती. तो साखळदंडाचा भाग आला तेव्हा बाबा किंचित हसला, झाकण ओळखलं असणार त्याने. मग शेवट आला. बाबाचं हसू गेलं. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. फोन परत देताना त्याने आधी तो एप्रनला पुसला.

"जेवूच म्हणतोय तो," बाबा म्हणाला. "आवाज ओळखतो ना मी त्याचा. लहानपणी भूक लागली की असाच ओरडायचा."

मी उठून काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. बाबाने ऐकलं नाही. तो एप्रनची गाठ सोडत होता, आणि ती त्याला सुटत नव्हती. ज्याचं स्वतःचं पोरगं असं ओरडतं, त्याने दुसऱ्यांना काय वाढायचं, असं तो म्हणाला, आणि समितीने वेगळा माणूस बघावा. बाई एकदम गडबडल्या, तसं नाही हो, इतकं नाही, लगेच नाही. चष्मेवाला मात्र चष्मा काढून पुसत बसला. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर पहिल्यांदाच कुणी स्वतःहून गुन्हा कबूल केला होता, आणि या प्रकाराला त्याच्याकडे पद्धत नव्हती.

मला बाबाचाच इतका राग आला, की वाटलं ओरडावं. साऱ्या जगाने खोटं ऐकावं, ते समजू शकते, त्यांना वेळ घालवायचा असतो. पण याने का ऐकावं? आयुष्यभर ज्याने ताटातला एकेक घास मोजून पाहिला, त्याला आपल्याच पोराचं भरलेलं पोट आठवू नये?

संध्याकाळी धाकट्याला कार्यक्रमासाठी दुसऱ्या गावी जायचं होतं. ड्रमवाला गाडी घेऊन येणार होता. धाकटा गिटार पाठीला लावून स्वयंपाकघराच्या दारात आला, आणि मी आधीच सांगून ठेवलं होतं, की बाबाशी बोलल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस, तर मी तुझी बहीण नाही. बाबा गॅसपाशी होता. माणसं तीन, पण सवयीने त्याने कॅन्टीनच्या मापाने चढवलं होतं. चारही शेगड्यांवर भांडी, ओट्यावर अंड्यांचा ट्रे.

"सकाळी लवकर निघायचो मी," बाबा पाठमोराच म्हणाला. "झाकून ठेवायचो तुमचं. गार होत असेल. गार झालं की लहान पोर कसं खाईल? हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मी म्हटलं, गार व्हायला ते उरायचं कुठे? हा स्वतःचं खाऊन माझ्यातलंही संपवायचा. त्यावर बाबा म्हणाला, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.

धाकट्याने गिटार खाली ठेवली. "बाबा, ऐक. ते 'जाऊ दे' आहे. जाऊ दे."

"कसं जाऊ दे?" बाबा वळला. त्याचे डोळे लाल होते. "असं कसं जाऊ दे, बाळा?"

"तसं नाही रे. मी म्हणतोय, की शब्द 'जाऊ दे' आहे."

"तू मनाने मोठा आहेस, म्हणून म्हणतोस. मला नाही जमणार."

धाकट्याला जे सांगायचं होतं त्यासाठी भाषेत तेवढे दोनच शब्द होते, आणि तेच बाबाच्या कानात जाऊन भलतेच होत होते. बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"गाडी आली, बाबा," तो म्हणाला. "मला जाऊ दे."

हे त्याने इतकं स्पष्ट म्हटलं, की रस्त्यावरच्या माणसालाही कळलं असतं. बाबा दारात आडवा उभा होता, हातात पळी. तो हलला नाही.

"जेवून जा," बाबा म्हणाला.

धाकटा बसला. बाबाने त्याच्यापुढे भात वाढला, भाजी वाढली, दोन अंडी, मग आणखी दोन. माझा भाऊ खाली मान घालून खाऊ लागला आणि खाता खाता रडू लागला. गाण्यात रडतो तसा नाही. नुसतं पाणी वाहत होतं आणि घास गिळताना त्याच्या तोंडून काही आवाज येत नव्हता. हॉर्न वाजायचा थांबला. ताट संपत आलं तसं बाबाने न विचारता आणखी वाढलं, आणि माझ्याकडे वळून, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "बघ. किती भुकेला होता."